पट्ट्या पूर्ण, तरी नेट अडकलेलं: फोनवरचं घरचं वायफाय नेमकं कुठे तुटतं ते कसं शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राउटर हॉलमध्ये आहे. आतल्या खोल्यांत सिग्नल नीट पोचत नव्हता म्हणून बेडरूमच्या दाराशी एक एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल घेऊन पुढे वाटणारं यंत्र) लावला आहे, दोघांचं नाव आणि पासवर्ड एकच. बेडरूममध्ये फोनवर वायफायच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, तरी मेसेज अडकून राहतात, व्हिडिओ कॉल थिजतो. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की थोडा वेळ सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. त्याच खोलीत लॅपटॉपला काही त्रास नाही. राउटर रीस्टार्ट करून झाला, फोनच्या नेटवर्क सेटिंग रीसेट करून झाल्या. आता राउटर बदलू की फोन, असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते दोन्ही सध्या बदलू नका. घरांत आणि लहान ऑफिसांत नेटवर्क बसवण्याचं आणि बिघडलं की शोधून काढण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय एक्स्टेंडरच्या जागेवर जातो. दुसरा संशय असा की फोन चुकीच्या ठिकाणाला चिकटून राहतो आहे. पण हे संशय आहेत, निदान नाही. ‘वायफाय नीट चालत नाही’ या एका वाक्याखाली वेगवेगळे बिघाड येतात आणि फोनच्या पडद्यावर ते सगळे सारखेच दिसतात: गोल फिरत राहतो आणि काही उघडत नाही.

म्हणून आधी खरा प्रश्न मांडू. तुमचा मेसेज फोनवरून निघाला की हवेतून एक्स्टेंडरकडे जातो, तिथून पुन्हा हवेतून राउटरकडे, राउटरकडून तारेने इंटरनेट पुरवठादाराकडे आणि तिथून पुढे. म्हणजे तुमच्या घरात हवेतले टप्पे दोन आहेत. फोनवरच्या पट्ट्या यातल्या फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतात, आणि त्याही टप्प्याची फक्त एक बाजू सांगतात. पुढचं सगळं तुटलं तरी पट्ट्या पूर्णच राहतील. तेव्हा शोधायचं ते हे: नेट अडकतं त्या क्षणी साखळीतला कोणता दुवा सुटलेला असतो?

‘त्या क्षणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बहुतेक लोक नेट अडकलं की आधी वायफाय बंद-चालू करतात, म्हणजे पुरावा पुसून टाकतात आणि मग तपासायला बसतात. पुढच्या वेळी अडकलं की काहीही बंद करू नका. आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप मोबाइल नेटवर्कवरून पान आणून देईल आणि तुमची फसगत होईल. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर तोही बंद करा. मग वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या तपशिलात जा. तिथे ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावापुढे एक पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. तो ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं लॉगिन पान लगेच उघडलं तर हवेतला भाग शाबूत आहे आणि बिघाड राउटरच्या पलीकडे आहे. पान उघडलंच नाही किंवा रखडत उघडलं तर भानगड तुमच्या घरातच, हवेत आहे.

राउटरचं पान उघडत असेल तर आणखी एक पायरी. ब्राउझरमध्ये १.१.१.१ हा पत्ता टाका (अंक इंग्रजी टाइप करा). तो उघडला, किंवा निदान पत्त्याच्या जागी दुसरं नाव आलं, पण नेहमीच्या साइट नावाने उघडत नसतील, तर इंटरनेट चालू आहे आणि नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. मग राउटरमध्ये किंवा फोनच्या वायफाय तपशिलात डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून पाहा. तोही पत्ता उघडला नाही तर पुरवठादाराची लाइन पाहायची. तेव्हा फोनशी झटापट करून उपयोग नाही.

ही तपासणी एकदा करून भागत नाही. नेट अडकेल त्या तीन-चार वेळांना करा आणि वेळ, खोली आणि निकाल लिहून ठेवा. दर वेळी उत्तर एकच आलं तर अर्धं काम झालं.

आता काही गोष्टी मला इथून कळू शकत नाहीत, त्या सांगतो. तुमच्या भिंती विटांच्या आहेत की सळयांच्या काँक्रीटच्या, शेजारी किती राउटर आहेत, फोन किती जुना आहे, एक्स्टेंडर एकाच बँडवर (वायफायच्या लहरींचा पट्टा, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) चालतो की दोन, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मोठा आरसा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, फरशीखालची जाळी, यातलं काहीही वाटेत आलं की सिग्नल एकदम पडतो. एकाच आराखड्याच्या दोन घरांत एकाच मॉडेलचे राउटर वेगळे वागताना मी पाहिले आहेत. त्यामुळे ‘अमुक सेटिंग करा, हमखास चालेल’ असं मी सांगणार नाही. तपासायचं कसं आणि का, ते सांगतो.

पट्ट्यांपासून सुरुवात करू, कारण लोकांची सगळ्यात जास्त दिशाभूल तिथे होते. किती सिग्नलला किती पट्ट्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. खरं माप डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या एककात असतं आणि ते उण्यात मोजतात. राउटरच्या शेजारी उणे ३० ते उणे ४०, त्याच खोलीत उणे ५० च्या आसपास. व्हिडिओ कॉल बिनघोर चालायला उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा असावा, असा धंद्यातला सर्वसाधारण संकेत आहे. उणे ७५ च्या खाली गेलं की रखडणं सुरू होतं आणि उणे ८० च्या खाली जोडणी नावापुरतीच असते. आकडा ३ ने घसरला की ताकद निम्मी, १० ने घसरला की एक दशांश. म्हणून उणे ६५ आणि उणे ७५ मधलं अंतर कागदावर किरकोळ वाटलं तरी प्रत्यक्षात दहापट आहे.

हा आकडा फोनवर पाहता येतो. अँड्रॉइडमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ चालू करा (फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारावी लागते) आणि त्यात वायफायची विस्तृत नोंद (‘वायफाय व्हर्बोज लॉगिंग’) चालू करा. मग वायफायच्या यादीत प्रत्येक नावापुढे सिग्नलचा आकडा येतो. आयफोनवर ॲपलचं ‘एअरपोर्ट युटिलिटी’ हे ॲप घ्या आणि आयफोनच्या सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. सिग्नलचा आकडा आणि चॅनेल (बँडमधला नेटवर्क वापरतं तो भाग) दोन्ही दिसतात. फोन हातात घेऊन घरभर सावकाश फिरा आणि प्रत्येक खोलीतला आकडा टिपा. या एका फेरीतून जे कळतं ते राउटर दहा वेळा रीस्टार्ट करून कळत नाही.

फिरताना एक लक्षात येईल: फोन वीतभर सरकवला तरी आकडा पाच-सातने हलतो. यात बिघाड काही नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे वाढतात, कुठे मारल्या जातात. म्हणून राउटर जरा सरकवून किंवा उंच ठेवून फरक पडतो, आणि उशीखाली ठेवलेला फोन रखडतो. जाड धातूचं किंवा मोठ्या चुंबकी पट्टीचं कव्हर असेल तर काढून एकदा मोजा.

मात्र आकडा चांगला असूनही फोन अडतो, त्याचं कारण वेगळं आहे. फोन दाखवतो तो आकडा म्हणजे राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो याचं माप. फोनचा आवाज राउटरला किती ऐकू जातो, हे फोनला दाखवताच येत नाही. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचे अँटेना मोठे. फोन बॅटरीवर चालतो, त्याचे अँटेना कडेच्या चिंचोळ्या जागेत बसवलेले, वरून तुमच्या हाताची पकड. समोरच्या टेकडीवर कुणी ध्वनिवर्धक घेऊन उभं आहे आणि तुमच्याकडे नुसता गळा आहे, अशी ती स्थिती. त्याचं तुम्हाला स्पष्ट ऐकू येतं, तुमचं त्याला नाही. लॅपटॉपचे अँटेना सहसा पडद्याच्या चौकटीत एकमेकांपासून लांब असतात आणि हाताने झाकले जात नाहीत, त्यामुळे तो त्याच जागी निभावून नेतो. तुमचा लॅपटॉप ठीक चालतो म्हणून फोन बिघडला, असा निष्कर्ष काढू नका, असं मी म्हणतो ते यासाठी. आणि राउटरची ताकद वाढवण्याची सेटिंग सापडली तरी ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही. फोनला दिसणाऱ्या पट्ट्या वाढतील, फोनचा आवाज तेवढाच राहील.

आता तुमचा एक्स्टेंडर. त्याच्याकडे मी सगळ्यात आधी बघेन. एक्स्टेंडर बेडरूमच्या दाराशी आहे, म्हणून बेडरूममध्ये पट्ट्या पूर्ण. साहजिक आहे, फोनपासून तो चार पावलांवर आहे. पण एक्स्टेंडरला स्वतःला हॉलमधल्या राउटरकडून काय मिळतंय? जिथे सिग्नल संपत होता तिथेच तो लावला असेल, तर तो अर्धमेला सिग्नल घेऊन पूर्ण जोमाने पुढे वाटतो आहे. फोनला फक्त तो जोम दिसतो. ही चूक फार घरांत होते, कारण सिग्नल नाही तिथे यंत्र लावावं हे सहज सुचतं. एक्स्टेंडरची योग्य जागा राउटर आणि अडचणीची खोली यांच्या मधे, जिथे राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे तिथे असते. राउटरचा आकडा उणे ६० ते उणे ६५ च्या आसपास येतो अशी जागा मी शोधतो. तिथून तो बेडरूममध्ये थोडा कमी दिसेल, पट्ट्या एखादीने उतरतील, आणि तरी नेट सुधारेल.

शिवाय एकाच बँडवर चालणारा एक्स्टेंडर तीच वाट घेण्यासाठी आणि देण्यासाठी वापरतो, त्यामुळे वेग ढोबळमानाने निम्मा होतो. दोन बँडचा असेल तर राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर आणि फोनशी २.४ वर, किंवा उलट, असं बोलू शकतो. आणि राउटरपासून तिथवर नेटवर्कची तार ओढणं शक्य असेल, आणि यंत्राला ॲक्सेस पॉइंट (तारेने आलेलं नेट वायफायवर वाटणारं ठिकाण) म्हणून चालवायची सोय असेल, तर हवेतला एक टप्पाच संपतो. तार ओढायचा कंटाळा येतो, दिसायला बरी दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही घरातल्या वायफायच्या तक्रारींवर इतका टिकाऊ उपाय मला दुसरा माहीत नाही.

संशय खरा की खोटा हे पाहायला एक सोपी चाचणी आहे: एक संध्याकाळ एक्स्टेंडर पूर्ण बंद ठेवा. बेडरूममध्ये पट्ट्या कमी होतील. पण मेसेज वेळेवर जाऊ लागले, कॉल थोडा अंधुक का होईना पण न तुटता चालला, तर दोष एक्स्टेंडरच्या टप्प्यात आहे. कदाचित तुमचा लॅपटॉप आधीपासून एक्स्टेंडरला वगळून थेट राउटरशीच जोडलेला असेल. राउटरच्या आणि एक्स्टेंडरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे कोण कुठे आहे ते बघून घ्या.

दुसरा संशय चिकटून राहण्याचा. वायफाय बंद-चालू केलं की लगेच सुधारतं, ही तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली खूण. दोन ठिकाणांचं नाव एकच असलं तरी कोणाशी जोडायचं आणि कधी सोडायचं, हे शेवटी फोन ठरवतो. राउटर फार तर सुचवू शकतो. हॉलमध्ये जोडलेला फोन तुम्ही बेडरूममध्ये आणलात तरी तो हॉलच्याच राउटरला धरून बसतो, कारण जोडणी अजून अगदी तुटलेली नसते. आयफोनबद्दल ॲपलने हे लिहूनच ठेवलं आहे: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावर तो दुसरं ठिकाण शोधायला लागतो, आणि डेटाची ये-जा चालू असेल तर नवं ठिकाण किमान ८ डेसिबलने सरस असावं लागतं, नसेल तर १२ ने. अँड्रॉइड फोनांत ही मर्यादा बनवणाऱ्यागणिक बदलते. बंद-चालू केल्यावर फोन नव्याने शोध घेतो, त्या जागी उत्तम असेल ते निवडतो, आणि तुम्हाला वाटतं दुरुस्त झालं.

हे पक्कं करायचं तर एक्स्टेंडरच्या नेटवर्कला तात्पुरतं वेगळं नाव द्या. मग फोन कुणाशी जोडला आहे हे समोरच दिसेल आणि अडकल्यावर हाताने दुसऱ्यावर जाऊन फरक पाहता येईल. कायमचा उपाय म्हणून वेगळी नावं मला फारशी आवडत नाहीत, कारण घरातल्यांना खोलीगणिक नेटवर्क बदलत बसावं लागतं. निदानासाठी मात्र चांगली. पुढे राउटर आणि एक्स्टेंडर एकाच जातकुळीचे असतील आणि त्यांत ८०२.११के, ८०२.११व्ही, ८०२.११आर या, फोनला एका ठिकाणावरून दुसऱ्यावर जायला मदत करणाऱ्या सोयी असतील तर के आणि व्ही चालू करा. त्याने फोनला जवळचे पर्याय आधीच कळतात. आर मात्र जुन्या उपकरणांना कधीकधी मानवत नाही, तो शेवटी आणि एकटाच चालू करून पाहा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: अडकल्या क्षणी राउटरचं पान उघडतं का ते पाहा, घरभर आकडे मोजा, एक संध्याकाळ एक्स्टेंडर बंद ठेवा, मग त्याला वेगळं नाव देऊन पाहा. या चार गोष्टींत तुमचं उत्तर सापडण्याची शक्यता मोठी आहे. नाही सापडलं तर पुढचं वाचा.

बँड आणि चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून जास्त आत पोचतो, पण तिथे जागा फार थोडी. चॅनेल १ ते १३ असे आकडे दिसले तरी एकमेकांवर न येणारे नेहमीच्या वापरातले तीनच: १, ६ आणि ११. यादीत शेजाऱ्यांची नेटवर्क पाहा आणि या तिघांतला कमी गजबजलेला निवडा. ‘मधलं’ म्हणून ३ किंवा ८ घेतलात तर दोन्ही बाजूंचा त्रास ओढवून घ्याल. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. या बँडवर ४० ची रुंदी दाट वस्तीत अडचणच करते. १२ आणि १३ मी टाळतो, कारण काही देशांच्या सेटिंगवर चालणाऱ्या फोनांना ते दिसतच नाहीत.

याच बँडवर ब्लूटूथही चालतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. ब्लूटूथ इअरफोन लावून २.४ वर व्हिडिओ कॉल केला की फोनला दोन्ही कामं वेळ वाटून करावी लागतात. तुमचा कॉल फक्त इअरफोन लावल्यावरच तुटतो का, हे जरूर पाहा. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, आणि बहुतेकांनी तसा विचार केलेला नसतो. राउटरला यूएसबी ३.० ची हार्डडिस्क जोडलेली असेल तर ती काढून पाहा. त्या तारेतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये दाखवून दिलं होतं.

५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण भिंतींपुढे तो लवकर थकतो. एक खास भानगड माहीत असावी. चॅनेल ५२ ते १४४ बऱ्याच देशांत रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की नियमाप्रमाणे त्याला ते चॅनेल सोडावं लागतं, आणि अशा चॅनेलवर नव्याने बसण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. तेवढ्यात फोन तुटतो. ५ गिगाहर्ट्झचं नाव अधूनमधून यादीतूनच गायब होऊन मिनिटाभराने परत येत असेल तर चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ मध्ये पक्कं करा.

फोनच्या आतल्या सेटिंगबद्दल. सिग्नल कमकुवत झाला की आपोआप मोबाइल डेटावर जाण्याची सोय जवळपास सगळ्या फोनांत आहे. आयफोनवर ती ‘वायफाय असिस्ट’ नावाने २०१५ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये बनवणाऱ्यागणिक नाव वेगळं. वायफाय आणि मोबाइल डेटा यांच्यात फोनची ये-जा चालू राहिली की प्रत्येक वेळी चालू कॉलची वाट बदलते आणि कॉल थिजतो. चाचणीच्या दिवसांत ती बंद ठेवा. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आला आहे. तिथे जाहिराती अडवणारा एखादा पत्ता हाताने भरला असेल आणि ती सेवा अडली, तर वायफाय पूर्ण असूनही एकही साइट उघडत नाही. तो ‘ऑटोमॅटिक’वर न्या. बॅटरी बचतीचा मोडही बंद करून पाहा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा हार्डवेअर पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. सार्वजनिक ठिकाणी ते चांगलंच. पण राउटरमध्ये ठरावीक उपकरणांनाच परवानगी असेल, किंवा वाटायला ठेवलेले आयपी पत्ते (राउटर प्रत्येक उपकरणाला देतो ते क्रमांक) मोजकेच असतील, तर तोच फोन नवा पाहुणा समजला जातो आणि पत्ते संपतात. नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडल्याने काहींचा पत्ता बदलतोही. घरच्या नेटवर्कपुरता हा बनवलेला पत्ता स्थिर ठेवा आणि राउटरमधली आयपी पत्त्यांची मर्यादा वाढवा. आणि तुमचा एक्स्टेंडर स्वतःच वेगळे आयपी पत्ते वाटत नाही ना, तेही बघा. घरात पत्ते वाटणारा एकच असावा. फोनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला पत्ता मिळालेलाच नाही असं समजा.

एका कारणाकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही: अपलोड. अनेक घरांत डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग खूप कमी असतो. घरातल्या एखाद्या फोनने रात्री चार्जिंगला लावल्यावर दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की ती अरुंद वाट तुडुंब भरते. राउटर वाट पाहणारा डेटा आपल्या रांगेत साठवत जातो, आणि तुमचा एवढासा मेसेज त्या रांगेच्या शेपटीला उभा राहतो. अशा वेळी पट्ट्या पूर्ण, सिग्नल उत्तम, वेग मोजायला गेलात तर डाउनलोडही बऱ्यापैकी, तरी कॉल तुटतो. तुमचा त्रास ठरावीक वेळी, विशेषतः रात्री होत असेल तर सगळ्यांच्या फोनचा बॅकअप एक दिवस थांबवून पाहा. फरक पडला तर राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची, डेटाची रांग सांभाळणारी सोय असल्यास चालू करा आणि तिथे अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली, नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा. एकूण वेग किंचित घटेल, पण रांग आटोक्यात राहील. मला विचाराल तर वेगाच्या आकड्यापेक्षा ही स्थिरता जास्त मोलाची. आजारी माणसाशी व्हिडिओवर बोलताना किंवा मुलाखत देताना कॉल तुटला की काय वाटतं, हे ज्याने सोसलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

राउटरकडे थोडंसंच. त्याची अ‍ॅडॉप्टर वीट, म्हणजे प्लगमध्ये बसणारा चार्जरसारखा ठोकळा, जुनी झाली की ताण आल्यावर व्होल्टेज पडतं आणि राउटर अर्धवट शुद्धीत राहतो: दिवे चालू, वायफायचं नाव हजर, काम ठप्प. दुसरी वीट लावून पाहायची असेल तर व्होल्टेज अगदी तेच, पिनच्या + आणि − ची मांडणी तीच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असलेलीच लावा. राउटर बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर बाहेर काढा. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र मोड असेल आणि जोडणी पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत असेल, तर काही दिवस नुसत्या डब्ल्यूपीए२ एईएसवर ठेवून बघा. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत कुठे निवडलेली असेल तर ती काढाच, तिने वेगही जुन्या काळात जातो. आणि तुटणं अगदी घड्याळ लावल्यासारखं, दर तासाला वगैरे होत असेल तर कारण सिग्नलचं नसतं. राउटरमधली एखादी ठरलेली मुदत बघा: सुरक्षेची चावी (की) बदलण्याची, आयपी पत्ता नव्याने देण्याची किंवा आपोआप रीस्टार्टची.

फोन बिघडला आहे का, याची कसोटी साधी आहे. त्याच जागी, त्याच नेटवर्कवर, घरातला दुसरा फोन ठेवा. आणि तुमचा फोन दुसऱ्या एखाद्या घरच्या वायफायवर तासभर वापरा. तुमचा फोन सगळीकडे अडत असेल, राउटरच्या शेजारीही त्याचा आकडा दुसऱ्या फोनपेक्षा पंधरा-वीसने खाली असेल, तर अँटेनाची जोडणी किंवा आतला भाग पाहायला दुकानात न्या. पडून किंवा पडदा बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर संशय आणखी बळावतो. नेटवर्क सेटिंग रीसेट तुम्ही करून पाहिलंच आहे. पुन्हा करू नका, त्याने साठवलेले वायफायचे सगळे पासवर्ड आणि बऱ्याच फोनांत ब्लूटूथच्या जोडण्या जातात आणि तुमच्या लक्षणांना त्याचा काही उपयोग दिसत नाही.

नवा राउटर केव्हा घ्यावा? राउटर फक्त २.४ वर चालत असेल, त्याला बनवणाऱ्याकडून अद्ययावत फर्मवेअर मिळणं थांबलं असेल, किंवा एक्स्टेंडर योग्य जागी नेऊनही आतल्या खोलीत उणे ७० च्या वर येणं शक्य नसेल, तेव्हा. शेवटच्या बाबतीत एकच बलाढ्य राउटर घेण्यापेक्षा दोन साध्या ठिकाणांचं मेश (मिळून एकच नेटवर्क चालवणारी यंत्रं) घ्या, आणि जमलं तर त्यांना तारेने जोडा. फोनच्या कमकुवत आवाजाला जवळचे कान लागतात.

एका वेळी एकच बदल करा आणि किमान एक दिवस त्याच्याबरोबर राहा. आज फक्त एक्स्टेंडर बंद ठेवून बघा. उद्या तो मधल्या जागी आणा. तरी अडकलं तर मला हे कळवा: अडकल्या क्षणी राउटरचं पान उघडलं का, बेडरूममध्ये राउटरचा आणि एक्स्टेंडरचा आकडा किती, फोन २.४ वर होता की ५ वर, आणि इअरफोन लावलेले होते का. एवढं मिळालं की पुढचं नेमकं सांगता येईल.